पॅराडाइजमधली सात अक्षरं

पंचेचाळिशी उलटून गेली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. घरात सुना दोन. थोरली नवऱ्याच्या बदलीबरोबर लांबच्या शहरात गेली ती तिकडचीच झाली, आणि धाकटी जागच्या जागी धाकटी राहिली. ती कामाला होती त्या कारखान्यातही हेच नाव पोचलं, कारण एकदा सासूबाईंनी तिथे फोन करून आपल्या खणखणीत आवाजात "धाकटीला फोन द्या" असं फर्मावलं होतं. मालकांनी शेडभर विचारलं, इथे धाकटी कोण? तेव्हा तिने हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवून हात वर केला. शेडमधली निम्मी पोरं तिला मुलं शोभतील अशा वयाची, पण त्या दिवसापासून धाकटी म्हणजे तीच.

कारखाना होता पाट्यांच्या अक्षरांचा. दुकानांवर, बँकांवर, दवाखान्यांवर जी उभी, पोकळ, आतून उजळणारी अक्षरं असतात ती इथे बनत. शेडच्या एका टोकाला पत्रा कापायचं मशीन, मधे वेल्डरची जागा, आणि पार दुसऱ्या टोकाला खिडकीखाली धाकटीचं टेबल. वळवून, जोडून, कानशीने घासून झालं की अक्षर तिच्यापुढे येई ते पालथं. ती त्याच्या पोटात दिव्यांच्या पट्ट्या चिकटवी, वायरी सोल्डर करी, वीज सोडून बघे आणि मग पाठ बंद करी. आधी ती रेडिओच्या कारखान्यात होती. तो बंद पडला, पण बारीक वायर न थरथरता जोडायची सवय हातात राहिली. तीच इथे उपयोगी पडली.

शाळेत तिचं इंग्रजी यथातथाच होतं. नंतर जे काही आलं ते या टेबलावर, आणि तेही उलटं. कित्येक अक्षरांची तोंडं तिला पाठीमागूनच जास्त ओळखीची होती. रस्त्याने जाताना एखादी पाटी सुलट दिसली की तिला क्षणभर अडखळायला होई, मग ती एकेक अक्षर सुटं करून मनात मोजून घेई, जणू सुट्टे नग टेबलावर मांडतेय. अर्थ कळला तर कळला. स्पेलिंग मात्र एकदा हाताखालून गेलं की विसरायची नाही.

त्या वर्षी एका नव्या हॉटेलची ऑर्डर आली. नाव पॅराडाइज. आठ कॅपिटल अक्षरं, प्रत्येक जवळजवळ कमरेएवढं, सोनेरी मुलामा दिलेलं. पी, ए, आर, ए, डी, आय, एस, ई. धाकटीने त्यांच्यावर जीव टाकला होता. साध्या पांढऱ्या दिव्यांऐवजी तिने पिवळसर पट्ट्या लावायला मालकांना राजी केलं, आणि पहिल्यांदा वीज सोडली तेव्हा आतून मधासारखा उजेड पडला. शेडमधली सगळी हातातलं काम टाकून बघायला आली.

अक्षरं तयार झाली आणि हॉटेलच्या दोन भागीदारांचं बिनसलं. भागीदार एकमेकांचे साडू. नाव सुचवलं होतं त्यातल्या एकाच्या बायकोने. तो साडू बाहेर पडला, आणि जो राहिला त्याने हे नाव जन्मात पुन्हा ऐकायचं नाही असं ठरवून टाकलं. ठरलेले पैसे त्याने निमूट पाठवले, पण अक्षरं न्यायला गाडी काही आली नाही. ती आठ जणं शेडच्या भिंतीला टेकून बसली. येता-जाता सगळ्यांना लागायला लागली. वेल्डर तर डीच्या पोटाला अडखळून दोनदा नडगी फोडून बसला.

"महिनाअखेरीला भंगारवाल्याला बोलावलंय," मालक म्हणाले. "कापून देऊ. जागा तरी मोकळी होईल."

धाकटीने हातातलं काम थांबवलं. "कापायची?"

"मग काय, मांडीवर घेऊन बसू?"

"दुसरा काही शब्द होईल की यांचा. इंग्रजीत शब्दांना काय तोटा?"

मालक हसले. मोठ्या मनाचा माणूस, पण थट्टेखोर. "शोधा, वहिनी. शब्दही तुम्ही शोधा आणि गिऱ्हाईकही तुम्हीच. भंगारवाला येईपर्यंत मुदत."

सगळे हसले म्हणून धाकटीही हसली. पण बसमध्ये बसल्यावर तिने तिकिटाच्या पाठीवर ती आठ अक्षरं लिहून काढली.

घरी त्या दिवसांत हसण्यासारखं काही नव्हतं. पावणेऐंशीच्या सासूबाई गॅलरीत पाय घसरून पडल्या होत्या आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. पण सासूबाई पलंग सोडायला तयार नव्हत्या. वेळेवर मोरीपर्यंत पोचता येत नाही, म्हणून डायपर लावावा लागे, आणि त्या एका गोष्टीने ही ताठ बाई आतून पार मोडून गेली होती. वॉकर आणला होता, त्यावर टॉवेल वाळत. डायपरची पाकिटं कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवायची, तीही छापील बाजू भिंतीकडे करून, असा त्यांचा हुकूम होता. 'ते पाकीट' याखेरीज त्याला दुसरं नाव नव्हतं. जुन्या मैत्रिणी भेटायला आल्या की त्या सांगत, "झोपल्यात म्हण." मग त्या दारातूनच परत जात.

एके काळी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. दिवसभर लोकांची नावं, गावं, स्पेलिंगं कानावर पडायची. त्यांचं इंग्रजी चोख आणि आवाज काचेवर नाणं वाजावं तसा. सुनेच्या इंग्रजीच्या चुका त्या वर्षानुवर्षं बिनचूक दुरुस्त करत आल्या होत्या. दोघींत भांडण कधी नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. जेवायला वाढलंय, औषध घेतलं का, दार लावून घे, एवढ्यावर संसार चालला होता. नवरा बसवर ड्रायव्हर. तो घरी आला की दोघींच्या मधे बसून पेपर वाची.

त्या संध्याकाळी चादर बदलताना धाकटीच्या तोंडून अक्षरं निसटली. "पी, ए, आर, ए..."

"काय पुटपुटतेस?"

"काही नाही, आई. कामातलं."

"कामातलं म्हणजे काय ते सांग ना नीट."

धाकटीने सांगितलं. साडूंचं भांडण, सोनेरी अक्षरं, भंगारवाला. सासूबाई छताकडे बघत ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "पुन्हा म्हण. एकेक सुटं."

"पी. ए. आर. ए. डी. आय. एस. ई."

"पी फॉर पीटर, ए फॉर ॲपल, आर फॉर रोझ," सासूबाई आपोआप बोलू लागल्या. एस फॉर शुगरपर्यंत पोचल्यावर मधेच थांबल्या, आणि म्हणाल्या, "स्पायडर."

"म्हणजे कोळी?"

"हो. पण कोळ्याची पाटी कोण लावणार? थांब, विचार करू दे."

दुसऱ्या दिवशी धाकटीने बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची आठ अक्षरं कापली आणि जेवणाच्या ट्रेवर मांडून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. ती कामावरून परत आली तेव्हा ट्रेच्या कडेला पेन्सिलीने शब्दांची रांग लागलेली होती. रॅपिड. प्राइड. आयडियाज. पेअर्स. स्पेअर. ड्रेप्स. चहा थंडगार पडला होता, आणि सासूबाईंनी तो गार झाल्याबद्दल कुणालाही दोष दिला नव्हता.

धाकटीनेही बसमध्ये एक शोधून आणला होता. "आई, रिपेअर. मोटार रिपेअर, घड्याळ रिपेअर, गिऱ्हाईकं रग्गड."

"आर किती आहेत आपल्याकडे?"

धाकटीने पुठ्ठे चाचपले. एकच.

"मग पेपर?"

"त्याला दोन पी लागतात. आहे तेवढ्यातच भागव."

असं ते सुरू झालं. धाकटी भाजी चिरता चिरता शब्द टाकी, सासूबाई आतून तो तपासून परत फेकीत. नवरा पेपरमागून म्हणाला, "स्पा." दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं.

"तीन अक्षरांत काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या. "उरलेली पाच काय डोक्यावर घेऊ?" पण तोही शब्द कडेला लिहिला गेला.

गिऱ्हाईकं शोधायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. उशाशी फोन होताच. धाकटीने दुकानांचे नंबर आणून दिले, आणि कित्येक वर्षांनी तो ऑपरेटरचा आवाज घरात घुमला. "नमस्कार, आपला एक मिनिट वेळ हवाय." पडद्यांच्या दुकानदाराला त्यांनी ड्रेप्स हा शब्द किती भारदस्त आहे ते समजावलं. तो म्हणाला, "बाई, लोक माझ्याकडे पडदे घ्यायला येतात. हे असलं काही लावलं तर आत काय विकतो ते मलाच येऊन विचारतील." फळवाला म्हणाला, "पेअर्स, म्हणजे नासपती, लिहिलं तर सफरचंद घ्यायला कोण येईल?" व्यायामशाळेच्या चालकाला रॅपिड आवडलं, पण त्याला दिवे निळे हवे होते आणि अक्षरं अर्ध्या उंचीची. सासूबाई प्रत्येक फोननंतर रिसीव्हर ठेवून, "माणूस बरा होता, पण धाडस नाही," असा निकाल देत. वीस वर्षांत धाकटीने त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

महिना सरत आला तसा हा उत्साह ओसरला. भंगारवाला येऊन अक्षरं बघून गेला, एसला टिचकी मारून पत्रा जोखून गेला. धाकटीने घरी ते सांगितलं नाही, पण चेहरा लपेना.

रविवार होता. ती सासूबाईंच्या खोलीत आली तेव्हा ट्रेवर सात अक्षरं ओळीत लागली होती आणि एक ए बाजूला पडला होता. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"सात अक्षरांचा सापडला?" धाकटी हरखली. "काय आहे, आई?" ती वाचू लागली. "डी, ई, एस, पी..."

"डिस्पेअर," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे आता काही खरं नाही, असं वाटणं. काही उरलंच नाही, असं." त्यांनी ट्रे पुढे लोटला. "बघ ना. पॅराडाइज म्हणजे स्वर्ग, आणि त्याच्या पोटात हे. उचल ते सगळं. पुरे झाला खेळ."

धाकटी पलंगाच्या कडेवर टेकली. असं ती एरवी बसत नसे.

"काय झालं, आई?"

सासूबाईंनी चष्मा काढून उशाशी ठेवला. मग छताकडे बघत म्हणाल्या, "मला लाज वाटते गं. तू दिवसभर राबून येतेस आणि मग माझं हे सगळं करतेस. लहान मुलाचं करावं तसं. पोटच्या मुलीनेसुद्धा केलं नसतं. आणि मी तुला आजवर काय दिलं, तर स्पेलिंगच्या चुका काढून दाखवल्या."

असल्या वेळी बोलायचे शब्द धाकटीकडे मराठीतही नव्हते. "त्यात काय लाजायचं," एवढं कसंबसं म्हणून ती उठली आणि बदलायची वेळ झालीच होती म्हणून कपाटाकडे गेली. खालच्या फळीवरून तिने नवं पाकीट ओढलं. पिशवी पारदर्शक प्लास्टिकची. तोंड फाडून तिने थोडे काढून घेतले तशी पिशवी अर्धी रिकामी झाली, आणि पलीकडच्या बाजूचं निळं छापील नाव प्लास्टिकमधून उलटं दिसू लागलं.

दुसऱ्या कुणाला ती नुसती वेडीवाकडी रेघोटी वाटली असती. धाकटीला ते तिच्या टेबलावरच्या कामासारखं, पालथं पण लख्ख दिसलं. सवयीने तिने अक्षरं सुटी केली. डी. आय. ए. पी. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग पिशवी काखेत मारून तशीच पलंगापाशी आली आणि ट्रे ओढून पुठ्ठे सरकवायला लागली.

"आता काय करतेस? उचल म्हटलं ना."

"एक मिनिट, आई." तिने आय पुढे घेतला, ईला मागे ढकललं, एस पार टोकाला नेऊन ठेवला. "हे बघा. तीच सात आहेत."

सासूबाईंनी चष्मा नाकावर चढवला. ट्रेकडे पाहिलं. सुनेच्या काखेतल्या पिशवीकडे पाहिलं. परत ट्रेकडे पाहिलं. धाकटीच्या मनात आलं, झालं, आता आपली धडगत नाही.

आधी त्यांचे खांदे हलले. मग तोंडातून एक बारीकसा आवाज आला, आणि मग त्या जे हसत सुटल्या ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, धाकटीने पाणी आणलं तर तेही हसण्याने सांडलं. "त्या साडवाला कळवा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "त्याच्या हॉटेलच्या नावात काय होतं ते." धाकटीही पलंगाची कड धरून हसत होती. बाहेरून नवरा काय झालं म्हणून धावत आला, त्याला सांगायला दोघींपैकी एकीलाही श्वास सापडेना.

हसू ओसरल्यावर सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "दे तो फोन इकडे. सर्जिकलवाल्याचा नंबर लाव."

सर्जिकलवाले काका म्हणजे जिथून ही पाकिटं यायची तो दुकानदार. काठ्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, गरम पाण्याच्या पिशव्या असं सगळं त्यांच्याकडे मिळे. दुकान गल्लीच्या आत, जिन्याखाली, वर एक फिकट पाटी. नवख्या माणसाला ते दोनदा विचारल्याशिवाय सापडत नसे. काका स्वतः इतके भिडस्त, की डायपरचं पाकीट आधी वर्तमानपत्रात गुंडाळीत, मग काळ्या पिशवीत घालीत, आणि गिऱ्हाईकही इकडेतिकडे बघत ते छातीशी धरून निघून जाई.

रविवारीही काका दुकानात होते. सासूबाईंनी आपली ओळख करून दिली आणि सरळ मुद्द्याला हात घातला. 'डायपर्स' हा शब्द पूर्ण, मोठ्यांदा उच्चारला. या घरात तो पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

"एवढ्या मोठ्या अक्षरांत?" काकांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "आणि सोनेरी? आजी, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, सापडलं बाबा दुकान एकदाचं."

"पण मी खुर्च्या विकतो, काठ्या विकतो..."

"काठी कुठेही मिळते. काठी मागायला कुणी कुजबुजत नाही. जे मागायला जीभ अडते ते तुमच्याकडे मिळतं, हे लांबून दिसलं तर माणसाचं निम्मं ओझं उतरेल की नाही?"

काका हळूच म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण आजी, खरं सांगा. तसली पाटी मी लावली, तर तिच्याखालून तुम्ही याल का? दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत?"

सासूबाईंनी रिसीव्हर कानाशी धरून वॉकरकडे पाहिलं. त्यावर टॉवेल वाळत होता.

"येईन," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाटी लावा, मी येते." आणि रिसीव्हर ठेवल्यावर सुनेला म्हणाल्या, "तो टॉवेल काढ तिथून."

सोमवारी कारखान्यात शब्द ऐकून मालकांच्या नाकातून चहा आला. वेल्डर पोट धरून खाली बसला. पण काकांचा फोन आला, मालक जाऊन जागा बघून आले, आणि तेव्हापासून गंमत बाजूला राहून कामाला सुरुवात झाली. अडचण निघाली ती जागेची. दुकानाचं तोंड एवढंसं, त्यावर चारच अक्षरं मावत. उरलेली भिंतीला वळसा घालून कोपऱ्यावर न्यावीत, असं मालकांच्या मनात होतं.

"मग रस्त्यावरून येणाऱ्याला नुसतं 'ईआरएस' दिसेल," धाकटी म्हणाली. "एकाखाली एक लावू या. कोपऱ्यावर, वरपासून खालपर्यंत. मग गल्लीच्या तोंडापासून वाचता येईल."

मालकांनी मान डोलावली. वरच्या मजल्यावर नृत्याचा वर्ग होता. डी नेमका त्यांच्या खिडकीशेजारी येणार होता, म्हणून परवानगी मागायला काका अवघडून गेले. वर्गाच्या बाईंनी एवढंच विचारलं की उजेड पिवळा की पांढरा. पिवळा म्हटल्यावर त्या हो म्हणाल्या. आठवा जो ए उरला, तो मालकांनी कारखान्याच्या दारात ठेवून दिला. त्यावर सगळे छत्र्या अडकवू लागले.

इकडे घरात सासूबाईंची चालण्याची तयारी चालली होती. पहिल्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत. दुसऱ्या दिवशी तेवढंही नको झालं. वॉकरला, डॉक्टरला, काकांना आणि मुलाला त्यांनी आळीपाळीने नावं ठेवली, पण थांबल्या नाहीत. धाकटी मागून हात पुढे करून चाले. "धरू नकोस," त्या बजावीत. आणि दोन पावलांनी विचारीत, "आहेस ना गं मागे?"

"आहे, आई."

पाटी लागली त्या दिवशी नवऱ्याने रजा काढली आणि टॅक्सी आणली. दिवस मावळायला थोडा अवकाश होता. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली, कारण आत वळायला जागा नव्हती. सासूबाईंनी ठेवणीतले कपडे घातले होते, केस नीट बांधले होते. वॉकर टेकत त्या गल्लीत शिरल्या. एका बाजूला मुलगा, मागे सून. कारखान्यातले झाडून सगळे शिडीपाशी उभे होते.

धाकटीने जाऊन बटण दाबलं. वरच्या डीपासून खालच्या एसपर्यंत सातही अक्षरांत तो मधासारखा उजेड भरला. मग समोरच्या केशकर्तनालयातून दोन तरुण बाहेर आले, वर बघून वाचलं आणि फिदीफिदी हसले.

सासूबाई वॉकर घेऊन सावकाश त्यांच्याकडे वळल्या. "वाचता आलं वाटतं?" त्या गोड आवाजात म्हणाल्या. "छान. मला वाटलं, स्पेलिंग अवघड जाईल." तरुणांनी माना खाली घातल्या. एकाने पुढे होऊन दुकानाच्या पायरीपाशी त्यांच्यासाठी वाट मोकळी केली.

काका गल्ल्यामागे उभे होते, अंग चोरून. सासूबाई काउंटरपाशी पोचल्या, थोडा दम खाल्ला आणि एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाल्या, "डायपरचं एक पाकीट द्या. मोठं माप." काकांचा हात सवयीने वर्तमानपत्राकडे गेला. "कागद नको," त्या म्हणाल्या. "असंच द्या."

त्यांनी ते पाकीट छापील बाजू बाहेर ठेवून वॉकरच्या दांडीवर आडवं ठेवलं आणि वळल्या. दारात एक बाई बऱ्याच वेळची घुटमळत होती, पदराआड पर्स घट्ट धरून. सासूबाई बाहेर पडल्या तशी ती आत गेली आणि जवळपास तितक्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "मलाही. मधलं माप." काकांनी तिलाही कागद दाखवला नाही.

परतताना टॅक्सीत सासूबाई दमून गेल्या होत्या. डोकं मागे टेकून त्यांनी डोळे मिटले. धाकटीला वाटलं झोपल्या. तेवढ्यात त्यांचा हात सीटवर चाचपडत आला आणि सुनेच्या हातावर विसावला. तो घर येईपर्यंत तिथेच होता.

पुढे काकांचं दुकान असं ओळखीचं झालं की रिक्षावाल्यांना गल्लीचं नाव सांगायची गरज उरली नाही. काही लोक नाकं मुरडत, काही फोटो काढून नेत. वरच्या नृत्यवर्गाच्या मुली पत्ता सांगताना 'पाटीच्या वर' एवढंच सांगत. सासूबाईंचं हाड पुरतं सांधलं. चालताना त्या किंचित लंगडत, आणि दिवसा त्यांना कशाची गरज उरली नाही. रात्रीपुरतं पाकीट लागे, ते काका स्वतः आणून देत आणि चहा घेऊन जात. मैत्रिणी येऊ लागल्या. थोरलीने लांबून फोनवर विचारलं, आईंचा आवाज इतका टवटवीत कसा, तेव्हा सासूबाईंनी तिला सगळी हकिगत ऐकवली आणि स्पेलिंग दोनदा लिहून घ्यायला लावलं.

मालकांनी त्या आवाजाची किंमत बरोबर ओळखली. कारखान्याच्या नव्या ऑर्डरींचे फोन ते सासूबाईंकडे वळवू लागले. सकाळी दहाला त्या आंघोळ करून, वेणी घालून फोनपाशी बसत. गिऱ्हाईकाचं नाव, मापं, रंग, स्पेलिंग, सगळं पीटर आणि ॲपल लावून पक्कं करून घेत आणि संध्याकाळी सुनेला तोंडी सांगत. धाकटी चहाचा कप घेऊन पलंगाच्या कडेवर बसे. आता ती तिथेच बसत असे.

एकदा ती घरी आली तर सासूबाई धुसफुसत होत्या.

"काय झालं?"

"एका न्हाव्याने नवं दुकान काढलंय. सलूनला दोन ओ सांगतो. म्हटलं, बाबा रे, दोन ओ घातले की तो दारूचा गुत्ता होतो. ऐकेल तर शपथ."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, वडिलांच्या दुकानावर दोन होते, आजोबांच्या दुकानावर दोन होते. एक काढला तर लोकांना वाटेल, धंदा निम्म्यावर आला."

धाकटी हसली. "मग काय ठरलं?"

"काय ठरणार," सासूबाई म्हणाल्या. "दोन कर. आणि चांगले टपोरे कर, भला माणूस होता."